वाळूचं पोतं: गच्च भरायचं की ढिलं?

कृष्णाकाठची

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या गल्लीनं पोती भरायचं काम काढलं. आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. २०२१ ला पुन्हा उंबरा ओलांडून आलं. या वर्षी आधीपासून तयारी ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलं. एका बांधकामावरून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणल्या, एक ब्रास वाळू टाकून घेतली, आणि सकाळी सातला फावडी-घमेली घेऊन सगळे खाली उतरलो.

पहिलं पोतं मी तोंडापर्यंत गच्च भरलं. दाभणात सुतळी ओवून नीट शिवलं. उचलायला गेले तर जागचं हलेना. शेजारचे तात्या पाटबंधारे खात्यात मुकादम होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. ते ओट्यावरून उठले, काठी भिंतीला टेकवली, माझी शिवण उसवली आणि निम्मी वाळू परत ढिगावर ओतली. म्हणाले, "पोरी, गच्च पोतं म्हंजे धोंडा. दोन धोंड्यांच्या मधनं पाणी जातंयच. ढिलं भर, म्हंजे ते बसंल."

मग त्यांनी करून दाखवलं. पिशवी अर्ध्याच्या किंचित वर भरायची. तोंड शिवायचं नाही, नुसतं दुमडून पोत्याच्या अंगाखाली सारायचं. वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर, विटा रचतो तसं. आणि प्रत्येक थर झाला की वर उभं राहून टाचांनी तुडवायचा. तुडवलं की पोतं खरंच "बसतं": कडेला पसरतं, शेजारच्याला चिकटतं, खालच्या फटीत उतरतं. अर्ध्या तासात फूटभर उंचीचा बांध झाला आणि त्यात बोट घालायला जागा नव्हती.

घरी येऊन हिशेब केला. पन्नास किलो सिमेंटची पिशवी म्हणजे साधारण ३५ लिटर जागा. कोरडी वाळू लिटरला दीड किलोपेक्षा थोडी जास्त भरते. म्हणजे माझं गच्च पोतं ५५ किलोंचं होतं आणि तात्यांचं तिशीच्या आतलं. माझ्या वयाच्या बाईला दिवसभर उचलता येईल असं.

तेव्हापासून डोक्यात हे पोतंच आहे. तुमच्यापैकी कुणाकुणाचा याच्याशी संबंध आला? पूर, सैन्य, दवाखाना, काहीही चालेल. सविस्तर लिहा.

मुठेचं पाणी

ताई, पोतं म्हटलं की माझ्या वयाच्या पुणेकराला एकच तारीख आठवते: १२ जुलै १९६१. मी नऊ वर्षांचा होतो. शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला राहत होतो.

पानशेतचं धरण अजून पुरतं झालेलं नव्हतं. आंबी नदीवरचा मातीचा बांध, पावसाळ्याआधी पाणी साठवायची घाई, आणि पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट. मोरीतून वेगानं जाणाऱ्या पाण्यानं ती हादरत राहिली आणि तिच्या वरचा मातीचा भराव खचू लागला. बांधाचा माथा खाली बसायला लागला, पाणी वर चढत होतं. तेव्हा लष्कराचे जवान बोलावले. ११ तारखेच्या रात्रभर, धो धो पावसात, त्यांनी खचणाऱ्या माथ्यावर पोत्यांवर पोती रचली. लाखभर पोती लागली असं सांगतात.

धरण सकाळी फुटलंच. मग दुपारी खालचं खडकवासलाही गेलं. पण ते फुटलं दिवसाउजेडी. लोक कामाला निघाले होते, जागे होते, पाणी येताना दिसत होतं. आईनं आम्हा तिघा भावंडांना हाताला धरून पर्वतीच्या बाजूला नेलं. हेच पाणी रात्री दोनला आलं असतं तर आम्ही अंथरुणातच असतो. त्या पोत्यांनी धरण वाचवलं नाही, पण मधले काही तास मिळवून दिले, आणि त्या तासांत मी जगलो. ते जवान कोण होते ते मला कधी कळलं नाही. साठ वर्षांनंतरही लष्कराची गाडी रस्त्यानं गेली की मी थांबून हात जोडतो.

कृष्णाकाठची

काका, हे वाचून तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वेळ मिळतोय, तेवढंच असतंय त्याचं काम."

मोजपट्टी

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. आमच्याकडे वाळूची पोती पाणी अडवायला येत नाहीत, स्लॅबची परीक्षा घ्यायला येतात. काँक्रीटच्या ताकदीबद्दल शंका आली की लोड टेस्ट करतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात पद्धत दिलेली आहे: स्लॅबच्या स्वतःच्या वजनावर, वापरात येणाऱ्या भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा, स्लॅब किती वाकला ते खालून डायल गेजनं मोजायचं, मग भार काढायचा. पुढच्या २४ तासांत वाक किमान ७५ टक्के परत आला पाहिजे. नाही आला तर ७२ तासांनी पुन्हा तीच परीक्षा, आणि त्यात अट ८० टक्क्यांची.

भारासाठी पोतीच का? कारण पोतं वजन करून मोजता येतं, दोन हमाल जिन्यानं वर नेतात, आणि ते स्लॅबबरोबर वाकतं. इथेच तात्यांचं "ढिलं भर" लागू पडतं. गच्च पोती एकमेकांना घट्ट लावून रचली तर त्यांची कमान होते. मधला स्लॅब खाली वाकतो, पण वरचा ढीग एकमेकांच्या आधारानं कडेच्या तुळयांवर तोलला जातो. मग स्लॅबवर भार येतच नाही आणि परीक्षा खोटी ठरते. म्हणून आम्ही पोत्यांचे वेगवेगळे गठ्ठे करतो, मध्ये वीतभर फट सोडतो. बांध घालताना पोती जवळ हवीत, परीक्षेत लांब. पण ढिली दोन्हीकडे.

भार चढवताना मी त्या स्लॅबखाली उभा राहून गेजवरचा काटा बघत असतो. खाली आधाराचे टेकू असतात, पण स्लॅबला लागू न देता, बोटभर अंतर ठेवून. एकेक पोतं वर पडल्याचा धप् असा आवाज येतो आणि काटा केसभर सरकतो. सतरा वर्षं हे काम करतोय, तो आवाज आला की अजून श्वास रोखला जातो.

वऱ्हाडी माणूस

आमच्याकडे पोतं म्हटलं की क्विंटलचं, तुरीचं नाहीतर कापसाच्या सरकीचं. सिमेंटच्या पिशवीएवढं असलं तर तो "कट्टा". आणि वाळू नाही, रेती. आम्ही "रेतीचे कट्टे" म्हणतो. पुण्याच्या मित्राला पहिल्यांदा म्हटलं, तर त्याला वाटलं बसायचा कट्टा.

शब्दवेडी

वऱ्हाडी दादा, छान मुद्दा काढलात. या एका वस्तूभोवती आपल्याकडे किती शब्द आहेत बघा: पोतं, गोणी, कट्टा, थैली, कापडाचं नाव गोणपाट किंवा तरट, आणि आडतीवर रिकाम्या पोत्यांना बारदान. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी ती कंठाळ. इंग्रजीतला "गनी बॅग" मधला गनी हा आपल्याच गोणीवरून गेलेला शब्द आहे. माझे आजोबा मार्केट यार्डात दिवाणजी होते. त्यांच्या वहीत मालाच्या वजनातून बारदानाचं वजन वजा करायला वेगळा रकाना असायचा.

आणि "बसणं" हे क्रियापद तात्यांनी किती नेमकं वापरलं. भिंत बसली म्हणजे खचली, धंदा बसला म्हणजे बुडाला, पण घडी बसली, हात बसला, मांड बसली म्हणजे जमलं. पोतं बसतं ते या दुसऱ्या अर्थानं.

निवृत्त सुभेदार

जय हिंद. मी पायदळातून निवृत्त. आमच्या नोकरीत पोतं हा रोजचा सोबती.

फौजेत त्याला मोर्चा म्हणतात, म्हणजे पोत्यांनी बांधलेली लढायची जागा. नियम सोपे, पण चुकले तर जीव जातो. पोत्याची शिवण आणि तोंड आतल्या बाजूला, आपल्याकडे. बाहेर तोंड ठेवलं तर गोळी-छर्ऱ्यांनी ते उघडतं आणि वाळू सांडून जाते. एक थर आडवा, एक उभा, म्हणजे भिंतीला बांधणी येते. भिंत सरळ उभी नाही, आतल्या बाजूला किंचित कललेली. प्रत्येक थर लाकडी धुमसानं ठोकायचा. पोतं इथेही पाऊणच.

गोळी थांबते ती वाळूच्या टणकपणामुळे नाही. दगडावर गोळी आपटली की दगडाच्या कपच्या उडतात आणि त्याच माणसाला लागतात. वाळूत गोळी शिरली की कण बाजूला होतात, एकमेकांवर घासतात, गोळी तिरकी होते आणि तिचा सगळा जोर त्या घासण्यात जिरतो. दीड-दोन फुटांत ती थंड होऊन पडते. भोक सुद्धा मागे राहत नाही, वाळू परत मिटते.

उंचावर मात्र वाळू कुठून आणणार? तिथं दगड रचून आडोसा करतात, त्याला सांगर म्हणतात. कारगिलच्या वेळी पेपरात हा शब्द बऱ्याच जणांनी वाचला असेल. आम्ही वर जाताना पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, रिकामी पोती घडी करून न्यायचो. वजन काहीच नाही. पोचल्यावर जे मिळेल ते भरायचं: मुरमाड माती, बारीक खडी, एकदा तर बर्फ. रिकामं न्यायचं आणि तिथलीच जमीन भरायची. पोत्याची खरी करामत ही आहे.

एक सूचना ताईंना. प्लॅस्टिकची पोती एकमेकांवरून घसरतात, तागाची घसरत नाहीत. तुमच्या सिमेंटच्या पिशव्या असतील तर उतार जास्त ठेवा आणि उघड्यावर ठेवू नका. उन्हानं सहा महिन्यांत त्यांचे धागे निघतात. ताग उन्हाला टिकतो, पण ओलीनं कुजतो.

हुगळीपार

सुभेदारसाहेबांनी ताग काढला म्हणून लिहिते. नोकरीमुळे आम्ही बारा वर्षं कोलकात्यात आहोत. हुगळीच्या काठानं लोकलनं गेलं की विटांच्या उंच चिमण्या आणि बंद फाटकं दिसतात. त्या ताग गिरण्या. पहिली १८५५ मध्ये रिश्र्याला निघाली.

पहिल्या महायुद्धात युरोपातले खंदक ज्या पोत्यांनी बांधले, त्यांचा फार मोठा भाग या गिरण्यांतून गेला. पूर्व बंगालच्या शेतात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लोकांनी ताग कापला, कुजवला, सोलला. इथं त्याचं कापड विणलं. जहाजानं ते फ्रान्सला गेलं, आणि तिथं शिपायांनी त्यात फ्लँडर्सचा चिखल भरला. गिरणीमालकांनी त्या वर्षांत अमाप नफा कमावला. शेतकऱ्याच्या आणि गिरणीतल्या मजुराच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा गिरण्या इकडे राहिल्या आणि तागाची शेतं तिकडे.

त्या खंदकांत आपल्याकडचे शिपाई पण होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मराठा पलटणी उपाशीपोटी लढल्या आणि त्याच वेळी टायग्रिसला पूर आला. एका बाजूला शत्रू आणि दुसऱ्या बाजूला नदी, दोन्हींना अडवायला हातात माती आणि पोती. सातारा-रत्नागिरीच्या किती घरांतून ती माणसं गेली, आणि त्यांची पत्रंसुद्धा आपल्याकडे जपलेली नाहीत. याचं मला वाईट वाटतं.

सिस्टर

मी तीस वर्षं परिचारिका आहे. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, बराच काळ काढला. जांघेतून अँजिओग्राफी झाली की शीर काही वेळ दाबून धरायची, रक्त थांबलं की पट्टी करायची आणि वर दोन-तीन किलोंचं वाळूचं पोतं ठेवायचं. रेक्झिनच्या कव्हरातलं, पुसता येणारं. पेशंटनं काही तास पाय सरळ ठेवायचा, वाकवायचा नाही. हल्ली बहुतेक वेळा मनगटातून करतात, त्यामुळे ही पोती कमी दिसतात.

खरं सांगायचं तर ते वजन शिरेला दाबायला फार नसतं. त्याचं मोठं काम म्हणजे आठवण. पेशंट पेंगतो, नकळत गुडघा वर घेतो, आणि मांडीवरचं वजन त्याला सांगतं की नको. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मांजर बसल्यासारखं वाटतंय गं." त्या पोत्यावर हात ठेवूनच झोपल्या.

मणक्याला मार लागलेला पेशंट आला तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना पोती लावून मान स्थिर ठेवायची, हेही आम्ही केलंय. एक्स-रे काढताना लहान मुलाचा हात जागेवर राहावा म्हणूनही. लाकडाची फळी टोचते, पोतं अंगाच्या आकाराचं होतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मोहरीची उशी करायचे ना, तीच कल्पना. डोकं जिथं टेकेल तिथं दाणे सरकतात. (आता डॉक्टर बाळाला कसलीच उशी नको म्हणतात, आणि ते ऐका.)

विंगेतला

मी व्यावसायिक नाटकांच्या नेपथ्याचं काम करतो. प्रेक्षकाला दिसते ती दिवाणखान्याची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. मागून तिला तिरका ब्रेस असतो आणि ब्रेसच्या पायावर वजन. दरवाजा धाडकन आपटायचा प्रसंग असला आणि वजन कमी पडलं तर अख्खी भिंत थरथरते, मग त्या प्रसंगाचं काही खरं नाही.

लोखंडी वजनं असतात, पण अंधारात पाय लागला तर नखं जातात. पोत्यावर पाय पडला तर आवाज होत नाही आणि लागतही नाही. शूटिंगला लाइटच्या स्टँडवर टाकतात ती दोन कप्प्यांची सॅण्डबॅग तुम्ही पाहिली असेल. खोगिरासारखी दोन्हीकडे लोंबते.

कोकणात जत्रेच्या प्रयोगांना आम्ही सुभेदारसाहेबांचीच युक्ती करतो. बसच्या टपावर रिकामी पोती. गावात पोचलो की पुळणीवरची नाहीतर नदीतली वाळू भरायची. प्रयोग संपला की पहाटे तिथंच ओतून पोती झटकून गुंडाळायची. एकदा खाडीकाठच्या गावात दुसऱ्या अंकात वारा सुटला. मंडप फडफडायला लागला. प्रेक्षकांतली दहा-बारा पोरं न सांगता उठली, विंगेत आली आणि राहिलेली पोती भरून भिंतीमागे लावू लागली. पडदा पाडावा लागला नाही. त्या गावाचं जेवण, ती पोरं, मी विसरणार नाही.

घाटाखालचा

रत्नागिरी जिल्ह्यातून. आमच्यासाठी वाळूचं पोतं म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारियांनी वनराई संस्था काढली, आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांनी ओढा अडवायची ही पद्धत त्या नावानं गावोगाव गेली.

कोकणात पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन चालतात. पाणी डोंगरावरून धावत खाडीला जातं, थांबत नाही. म्हणून दिवाळीच्या आसपास, ओढ्याची धार बारीक झाली की गाव जमतं. जागा निवडायची ती अशी की काठ दोन्हीकडे उंच आणि पात्र अरुंद. तळातला पाला-दगड आधी काढायचा, नाहीतर पाणी खालून पळतं. पोत्यांच्या दोन रांगा आणि मध्ये चिकणमाती ठासायची. पोत्यात जे ओढ्यात आहे तेच: वाळू, गाळ, मुरूम. तीस-चाळीस माणसं लागली तर दुपारपर्यंत बंधारा उभा. कुणाच्या तरी घरून चहा आणि उसळ येते.

दोन दिवसांत मागे पाणी तुंबतं. हळूहळू आजूबाजूच्या विहिरींचं पाणी चढतं. आमच्या वाडीत कुळीथ, चवळी, वांगी, मिरची होते, गुरांना पाणी मिळतं. ओढा मार्चपर्यंत जिवंत राहतो. सिमेंटचा बंधारा निघण्यासाठी वर्षानुवर्षं कागद फिरतात. हा कागदाविना होतो.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. बंधारा घालताना फोटो निघतात, काढताना कुणी येत नाही. उन्हानं पिशव्या फाटतात, पहिल्या पावसात त्यांच्या चिंध्या होऊन खाडीत जातात आणि खारफुटीच्या मुळांना अडकतात. आम्ही तीन वर्षांपासून मे अखेरीस पुन्हा जमतो, पोती मोजून काढतो. घातली तेवढी काढली पाहिजेत, असा वाडीचा ठराव आहे. गेल्या वर्षी दोनशे दहा घातली, एकशे नव्वद मिळाली. ती वीस अजून डोक्यात आहेत.

कृष्णाकाठची

दादा, घालताना मोजायची आणि काढताना मोजायची, हे आमच्या गल्लीला लगेच लागू करते. आमच्या पिशव्यांवर आज रंगानं नंबर टाकलेत.

डच भूमीवरून

नमस्कार. मी नेदरलँड्समध्ये वाल नदीच्या काठी राहते. माझं घर नदीच्या पुराच्या पातळीपेक्षा खाली आहे, मधे फक्त मातीचा बांध. १९९५ च्या सुरुवातीला इथे नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध मात्र टिकले.

इथे गावोगाव बांधावर गस्त घालणारे स्वयंसेवक असतात. मीही त्यात आहे. आम्हाला शिकवलेली एक गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. पूर आला की बांधाच्या आतल्या बाजूला, कोरड्या जमिनीवर, कधी कधी झऱ्यासारखं पाणी उकळतं. स्वच्छ पाणी असेल तर लक्ष ठेवायचं. पण त्याबरोबर वाळू वर येत असेल, झऱ्याभोवती वारुळासारखा वाळूचा शंकू जमत असेल, तर धोका. म्हणजे बांधाच्या खालून पाणी बोगदा करत चाललंय आणि बांधाच्या पोटातली वाळू बाहेर येतेय.

पाहणाऱ्याचा पहिला विचार काय? भोकावर पोती टाकून ते बुजवा. ते अजिबात करायचं नाही! बुजवलं तर पाणी शेजारून नवीन वाट काढतं. त्याऐवजी झऱ्याभोवती पोत्यांचं विहिरीच्या कठड्यासारखं कडं रचायचं आणि पाणी आत चढू द्यायचं. पाण्याची उंची वाढली की त्याच्याच वजनानं खालचा जोर कमी होतो. झरा वाहत राहतो, पण वाळू आणायची ताकद त्याच्यात उरत नाही. पाणी स्वच्छ येऊ लागलं की तिथेच थांबायचं. पाणी थांबवायचं नाही, फक्त वाळू थांबवायची.

सरावाच्या वेळी भर थंडीत पाऊस पडत असताना ते कडं मी पहिल्यांदा रचलं तेव्हा शेजारी सत्तरीचा शेतकरी होता. मी पोतं भरलं, तर त्यानं न बोलता त्यातली वाळू थोडी कमी केली. आज तात्यांचं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

लक्ष्यभेद

कॉर्पोरेटमध्ये या शब्दाला दुसराच अर्थ आहे. सॅण्डबॅगिंग म्हणजे आपली खरी ताकद मुद्दाम लपवणं. सेल्सचा माणूस तिमाहीच्या सुरुवातीला अंदाज कमी सांगतो, हातात असलेली ऑर्डर दडवतो, आणि शेवटी "लक्ष्य ओलांडलं" म्हणून बोनस घेतो. गोल्फमध्ये आपला हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट, फुगवून सांगणं, पोकरमध्ये भारी पानं असून मवाळ खेळणं, हेही तेच. एकोणिसाव्या शतकात लुटारू छोटी वाळूची पिशवी बाळगत आणि मागून डोक्यात घालत. दिसायला साधी पिशवी, म्हणून समोरचा बेसावध. तिथून हा अर्थ आला. आता तर एआय मॉडेल चाचणीत मुद्दाम कमी कामगिरी करतं का, यालाही संशोधक हाच शब्द वापरतात.

मी स्वतः हे माझ्या टीममध्ये पाहिलंय आणि मला ते लबाडीचंच वाटतं. कारखान्यातला माणूस तुमच्या अंदाजावर कच्चा माल मागवतो. तुम्ही लपवलं की त्याची रात्रपाळी लागते.

शब्दवेडी

म्हणजे इंग्रजीत हा शब्द फसवणुकीकडे गेला आणि आपल्याकडे पोतं आळसाकडे. "पोत्यासारखा पडलाय" म्हणतो आपण. ज्या वस्तूनं इतक्या जणांना राखलं, तिच्या वाट्याला दोन्हीकडे वाईट अर्थ यावा, हे मला बरं वाटत नाही.

आकाशयात्री

थोडं वर बघूया. १ डिसेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये शार्ल नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचा साथीदार रॉबेर हायड्रोजनच्या बलूनमधून उडाले. सोबत वाळू होती. वर जायचं तर वाळू सांडायची, खाली यायचं तर वायू सोडायचा. उतरल्यावर रॉबेर बाहेर आला, वजन एकदम घटलं, आणि एकटे शार्ल सुमारे तीन हजार मीटरवर गेले. त्यांनी मावळलेला सूर्य त्याच दिवशी पुन्हा पाहिला. पुढे न्यू यॉर्कच्या बंदरात शर्यतीच्या काही होड्यांना सॅण्डबॅगरच म्हणत. होडी वळली की खलाशी सगळी पोती उचलून वाऱ्याच्या बाजूला टाकत. दर वळणाला.

चित्रकूट

मिलानला लिओनार्दोचं "शेवटचं भोजन" पाहायला गेले होते. मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे ते. ऑगस्ट १९४३ मध्ये त्या भोजनगृहावर बॉम्ब पडला. छप्पर गेलं, बाजूची भिंत गेली. चित्राची भिंत राहिली, कारण तिला आधीच फळ्या आणि वाळूच्या पोत्यांनी टेकून ठेवलं होतं. ढिगाऱ्यातले फोटो तिथे पाहायला मिळाले. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनवर रशियाचा हल्ला झाल्यावर, ओडेसात लोकांनी समुद्रकिनाऱ्यावरची वाळू भरली आणि द्युक द रिशल्यूचा पुतळा खांद्यापर्यंत पोत्यांत झाकला, तेव्हा मला ती भिंत आठवली. ज्या वाळूत मुलं किल्ले करतात, तीच.

मोजपट्टी

कृष्णाकाठच्या ताई, एवढं सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते, राग मानू नका. पोत्यांनी २०१९ चा पूर अडणार नाही.

पाण्याचा रेटा उंचीबरोबर सरळ वाढत नाही. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटरला सुमारे पाचशे किलोंच्या जोरानं ढकलतं. दोन मीटर खोल असेल तर हजार नाही, दोन हजार. म्हणून बांधाचा पाया उंचीच्या तिप्पट रुंद हवा. शंभर फूट लांब, फूटभर उंच बांधाला सहाशेच्या आसपास पोती लागतात. तीन फूट उंच करायचा तर साडेतीन-चार हजार (पोत्याच्या मापानुसार कमीजास्त). आणि समजा दारं-खिडक्या बुजवून तुम्ही तीन फुटांपेक्षा जास्त पाणी बाहेर रोखलंत, तर विटेची भिंतच आत येऊ शकते. त्या उंचीनंतर पाणी आत येऊ देणं जास्त सुरक्षित.

फूट-दीड फुटापर्यंत मात्र पोती उत्तम: रस्त्यावरून घुसणारं पाणी, गटाराचं उलटं पाणी. आधी प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्याची कड पहिल्या थराखाली दाबा. आणि संडासाच्या भांड्यात व नहाणीच्या मोरीवर एकेक पोतं जरूर ठेवा. पुरात मैला तिथूनच वर येतो.

सिस्टर

हे शेवटचं अधोरेखित करते. पूर ओसरल्यावर कावीळ-जुलाबाचे पेशंट येतात ते त्या पाण्यामुळेच.

कृष्णाकाठची

मोजपट्टी दादा, राग कसला. काल रात्री गल्लीची बैठक घेतली आणि तुमचा हिशेब फळ्यावर लिहिला. असं ठरलं: आयर्विनला इशाऱ्याची ४० फूट पातळी आली की आजारी माणसं, म्हातारी, तान्ही मुलं आणि गुरं आधी हलवायची. पोती लावायची ती फक्त दारांना फूटभर, मोऱ्यांवर आणि संडासांत. ४५ फुटांची धोक्याची पातळी यायच्या आत उरलेले सगळे बाहेर. मागे कुणी थांबायचं नाही. दोघं-तिघं नाराज होते, त्यांना वाटत होतं की एवढी मेहनत केली तर घर वाचायला हवं. तात्यांनी त्यांना पानशेतच्या काकांचं लिहिलेलं पुन्हा वाचायला लावलं.

एकशे चौसष्ट पोती झाली. सगळी अर्ध्याच्या किंचित वर. नंबर टाकलेली, मंदिराच्या पडवीत, दोन हातांच्या उंचीपर्यंत. पाणी ओसरल्यावर मोजून परत आणायची जबाबदारी आठवी-नववीच्या पोरांनी घेतलीय, वही त्यांच्याकडे.

निवृत्त सुभेदार

पडवीत तिरकं ऊन येतं का?

कृष्णाकाठची

येतं, दुपारी चारनंतर. आज ताडपत्री आणली.